बोट उचललं की रोबो थांबला पाहिजे

रोबो बघायला गंगापूरकरांना पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. वाळूज आपल्याच तालुक्यात आहे. बजाज ऑटोचा तिथला कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्यापाठोपाठ सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आले, आणि आज वेल्डिंगपासून माल उचलून ठेवण्यापर्यंतची कितीतरी कामं तिथे रोबोचे हात करतात. अशा लाईनवर काम करणारं कुणी तुमच्या घरात किंवा गल्लीत असेल, तर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. रोबोला काम शिकवताना हातात जो टीच पेंडंट धरतात, त्याच्या मागच्या बाजूचं बटण कशासाठी असतं?

ते बटण तीन टप्प्यांचं असतं. सोडून दिलं तर रोबो थांबतो. बेताने, अर्ध्यापर्यंत दाबून धरलं तरच तो हलतो. आणि घाबरून मूठ आवळली, बटण पार आत गेलं, तर तो पुन्हा थांबतो. संकटात सापडलेला माणूस हातातली वस्तू एक तर टाकून देतो किंवा घट्ट आवळतो. दोन्ही वेळा यंत्र थांबलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. शिकवतानाचा रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय दंडकही याच काळजीतून आलेला आहे. हे बटण रोबोला कुठलंच काम सांगत नाही. सांगितलेलं काम करण्याची परवानगी तेवढी देतं.

हा विचार शाळा-कॉलेजांत बनणाऱ्या रोबोंपर्यंत पोहोचायला हवा, म्हणून हा लेख. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी २०१६ पासून शाळांना २० लाख रुपयांपर्यंतचं अनुदान मिळू लागलं आणि सहावीपासूनच्या मुलांच्या हाती अर्डुइनोसारखे कंट्रोलर बोर्ड, सेन्सर, मोटरी आल्या. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची मुलं तर रोबोकॉनसारख्या स्पर्धांसाठी महिनोन्‌महिने राबतात. या सगळ्यांचा जीव सांगाड्यात, मोटरीत आणि बॅटरीत अडकलेला असतो, आणि जॉयस्टिकची बटणं मात्र शेवटच्या रात्री घाईघाईने जोडली जातात. बटणाला आज्ञा जोडायची म्हणजे कोडमध्ये एक 'जर-तर' लिहायचं, इतकंच ते काम वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक बटणासाठी चार प्रश्नांची उत्तरं आधी ठरवावी लागतात : दाबल्यावर काय, धरून ठेवल्यावर काय, सोडल्यावर काय, आणि बटणाचा निरोपच रोबोपर्यंत पोहोचला नाही तर काय. पहिल्या तिघांची उत्तरं रोबोगणिक बदलतील. चौथ्याचं बदलत नाही : थांबायचं.

सुरुवात सगळ्यांत जास्त चकवणाऱ्या गोष्टीपासून करू. अर्डुइनोचा 'लूप', म्हणजे प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, सेकंदाला हजारो वेळा फिरू शकतो. तुमचं बोट बटणावर सेकंदाचा दहावा हिस्सा टेकलं, तरी तेवढ्यात प्रोग्रामने ते बटण शेकडो वेळा वाचलेलं असतं. समजा कोडमध्ये लिहिलंय की बटण दाबलेलं असेल तर ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा पंजा, उघडा असल्यास बंद कर, बंद असल्यास उघड. मग एका दाबात ग्रिपरला शेकडो उलटसुलट आज्ञा जातात. तो जागच्या जागी थरथरतो आणि बोट उचलल्यावर उघडा राहील की बंद, हे कुणालाच सांगता येत नाही. मुलं मग सर्व्हो मोटर बदलतात, वायर बदलतात, नवी बॅटरी लावतात. दोष यातल्या कशातच नसतो.

बटणाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकलं पाहिजे. बटण या घडीला खाली आहे की वर, ही झाली त्याची स्थिती. ते वरून खाली गेलं तो क्षण, किंवा खालून वर आलं तो क्षण, ही झाली घटना. गाडी पुढे नेणं, लिफ्ट वर चढवणं ही स्थितीवर चालणारी कामं : बोट आहे तोवर काम सुरू, बोट उचललं की बंद. ग्रिपर मिटवणं, चेंडू फेकणं, दिवा लावणं ही घटनेवर चालणारी : एका दाबाला एकच काम, मग बोट किती वेळ टेकलेलं राहिलं याचा काही संबंध नाही. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी वहीत प्रत्येक आज्ञेपुढे 'स्थिती' किंवा 'घटना' असं लिहून काढा. या एका कामाने पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

घटना ओळखायला फक्त एक जादा व्हेरिएबल लागतो. मागच्या फेरीत बटण कसं होतं, हे त्यात साठवायचं. आत्ता दाबलेलं आहे आणि मागच्या फेरीत दाबलेलं नव्हतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हाच आज्ञा सोडायची. नंतर, फेरीच्या अगदी शेवटी, आत्ताची स्थिती 'मागची' म्हणून लिहून ठेवायची. सुटण्याची घटना हवी असेल तर अटी उलट्या करायच्या. हे साठवणं 'जर-तर'च्या कंसाच्या आत गेलं की गणित बिघडतं; ते कंसाबाहेर, प्रत्येक फेरीला बिनचूक व्हायला हवं.

आपल्याकडे अशा प्रोजेक्टमध्ये प्लेस्टेशन-टूच्या धर्तीचा बिनतारी गेमपॅड सर्रास वापरतात, कारण तो स्वस्त आहे आणि त्याच्यासाठी बिल पोर्टर यांनी लिहिलेली पीएस-टू-एक्स ही लायब्ररी तयार मिळते. स्थिती आणि घटना यांतला फरक तिच्यात आधीच केलेला आहे. 'बटन' हे फंक्शन स्थिती सांगतं, 'बटन-प्रेस्ड' दाबण्याची घटना आणि 'बटन-रिलीज्ड' सोडण्याची. मात्र ही फंक्शनं मागचं आणि आताचं वाचन ताडून उत्तर देतात, म्हणून गेमपॅड वाचण्याची आज्ञा लूपच्या एका फेरीत एकदाच, सर्वांत वर लिहायची. ती दोनदा आली की दुसऱ्या वाचनाच्या वेळी दाबण्याची घटना जुनी झालेली असते आणि बटण अधूनमधून 'लागत नाही'. पॅडवरचा अ‍ॅनालॉगचा लाल दिवा लागला आहे ना, हेही बघून घ्या. तो विझलेला असेल तर जॉयस्टिकच्या काड्यांचा कमीजास्त वेग मिळत नाही.

गेमपॅड न घेता साधी पुश बटणं जोडून स्वतःचा रिमोट बनवणार असाल, तर आणखी दोन गोष्टी. पिन मोकळी सोडली तर ती हवेतली विद्युत गडबडही बटण म्हणून वाचते, त्यामुळे अर्डुइनोच्या आतला पुल-अप रेझिस्टर सुरू करा. तो सुरू असताना बटण दाबल्यावर पिन 'लो' वाचली जाते, हे उलटं गणित लक्षात असू द्या. आणि धातूचे संपर्क मिटताना काही मिलिसेकंद थडथडतात, एका दाबाचे चार-पाच दाब मोजले जातात. बदल दिसल्यावर वीसेक मिलिसेकंद तो टिकतोय का पाहायचं आणि मगच तो खरा मानायचा.

आता एकदा दाबून चालू राहणाऱ्या आज्ञांकडे येऊ. शेतातल्या मोटरचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण क्षणभर दाबून सोडलं तरी मोटर चालत राहते, कारण आतला कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण ती पकड तोडतं. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि वीज परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही; तशी ती व्हावी असं वाटत असेल तर वेगळा ऑटो स्विच बसवावा लागतो. रोबोवर चेंडू फेकणारं चाक किंवा कन्व्हेयर चालवायचा असेल, तर कोड अगदी असाच लिहा. सुरू करायला एक बटण, बंद करायला दुसरं, आणि बंदचा हुकूम सुरूपेक्षा मोठा. दोन्ही एकदम दाबली गेली तर बंदच व्हायला हवं. रोबोला मात्र ऑटो स्विच नको.

एकाच बटणाने एकदा चालू, पुन्हा दाबलं की बंद, अशी सोय मुलांना फार आवडते. बटणं वाचतात हे खरं. पण तिच्यात एक खोट आहे. आत्ता काय चालू आहे हे माहीत असेल तरच पुढचा दाब काय करेल हे कळतं. मैदानात धावपळीत ऑपरेटरला ते आठवत नाही. मध्येच अर्डुइनो रीसेट झाला तर कोडला वाटतं ग्रिपर उघडा आहे आणि प्रत्यक्षात तो मिटलेला असतो. 'उघड' आणि 'मिट' ही दोन वेगळी बटणं ठेवली, तर घाबरून तीनदा 'मिट' दाबलं तरी ग्रिपर मिटलेलाच राहतो. माझं मत स्पष्ट आहे : दिव्याला आणि भोंग्याला असं एकेरी बटण चालेल, ज्याच्यात माणसाचं बोट अडकू शकतं अशा कुठल्याही भागाला नको.

आणखी एक सवय आहे, जिने अनेक चांगले रोबो भिंतीवर जाऊन आपटले आहेत. ती म्हणजे 'डिले'. चेंडू उचलण्याचं काम लिहिताना हात खाली, एक सेकंद डिले, ग्रिपर मिट, अर्धा सेकंद डिले, हात वर, असं लिहिणं सोपं जातं. पण त्या दीड सेकंदात प्रोग्राम दुसरं काहीच करत नाही. तो जॉयस्टिक वाचत नाही. रोबो आधी पुढे चालला असेल तर चालतच राहतो, आणि तुम्ही थांबण्याचं बटण कितीही जोरात दाबलं तरी ते ऐकायला कुणी नसतं. डिलेऐवजी 'मिलिस' या फंक्शनने घड्याळ पाहायचं : काम कधी सुरू झालं ती वेळ टिपून ठेवायची, प्रत्येक फेरीत किती वेळ झाला ते तपासायचं, आणि वेळ भरली की पुढच्या पायरीवर जायचं. मधल्या काळात लूप मोकळा फिरत राहतो आणि बटणं वाचली जातात.

लूप न अडवता आज्ञा चालवण्याचा हा विचार सर्वांत नीट मांडलेला पाहायचा असेल तर अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेची लायब्ररी पाहा. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेची ही शालेय वयाच्या मुलांची स्पर्धा १९९२ पासून भरते. मुंबईचा 'आर फॅक्टर' हा ६०२४ क्रमांकाचा संघ तिच्यात उतरलेला आहे. तिथे वापरली जाणारी डब्ल्यूपीआयलिब ही लायब्ररी सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञेचे चार भाग असतात : सुरू होताना एकदा काय करायचं, चालू असताना दर फेरीला काय करायचं, काम संपलं हे कशावरून ओळखायचं, आणि संपताना काय आवरायचं. हे आवरणं फार मोलाचं, कारण आज्ञा स्वतःहून संपो की मध्येच तोडली जावो, ते होतंच. मोटर शून्यावर आणण्याची ओळ तिथे लिहिली की ती चुकत नाही. फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. आणि नियम असा की रोबोच्या एका भागावर एका वेळी एकच आज्ञा चालेल. लिफ्ट वर नेणारी आज्ञा सुरू असताना खाली आणणारी आली, तर पहिली आधी तोडली जाते, मगच दुसरी सुरू होते. दोघी एकाच मोटरीसाठी भांडत नाहीत.

ही लायब्ररी जुने नमुने पाहून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२३ च्या हंगामापासून बटणांशी जोडलेल्या फंक्शनची नावं बदलली. 'व्हेन-प्रेस्ड'च्या जागी 'ऑन-ट्रू' आलं, धरून ठेवण्यासाठी 'व्हाइल-ट्रू' आलं. बदल नुसत्या नावाचा नाही. जुन्या 'व्हाइल-हेल्ड'मध्ये बटण धरलेलं असेपर्यंत संपलेली आज्ञा पुन्हा पुन्हा सुरू होत असे, 'व्हाइल-ट्रू'मध्ये ती एकदाच सुरू होते. तिथे बटणांचे क्रमांक एकपासून मोजतात, तर आरओएस या रोबोंच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून. एकीकडचा क्रमांक दुसरीकडे तसाच उतरवला की शेजारचं बटण काम करू लागतं.

तुम्ही अर्डुइनोवर काम करत असाल तरी आज्ञेचे हे चार भाग आणि 'एका भागाला एक आज्ञा' हा नियम वहीतून कोडमध्ये आणता येतो. प्रत्येक भागासाठी एक व्हेरिएबल ठेवा : लिफ्ट थांबलेली, लिफ्ट वर जातेय, लिफ्ट खाली येतेय. बटणं फक्त हा व्हेरिएबल बदलतील. मोटरीला हुकूम देणारी ओळ कोडमध्ये एकाच जागी, लूपच्या तळाशी असेल. दहा ठिकाणी विखुरलेले मोटरीचे हुकूम एकमेकांना कापतात आणि चूक शोधताना रात्र जाते. लिफ्टला वर आणि खाली दोन्हीकडे लिमिट स्विच लावा आणि त्याच्या जोडीला वेळेची मर्यादाही घाला. चार सेकंदांत वर पोहोचायला हवी होती आणि पोहोचली नाही, याचा अर्थ स्विचची वायर तुटली किंवा दोरी अडकली. तेव्हा मोटर बंद करा.

कुठलं बटण कशाला द्यायचं, हे कोड लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवू नये, मैदानात पॅड धरणाऱ्या ऑपरेटरला सोबत घ्यावं. रोबोकॉनचंच उदाहरण घ्या. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात दोनदा झाली आहे. २००८ मध्ये विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी, आणि चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने ती जिंकली. २०१४ च्या फेरीत पालक रोबोने पिल्लू रोबोला सीसॉ, झोपाळा, जंगल जिम असं खेळवायचं होतं; ती व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने जिंकली. अशा सामन्याला जास्तीत जास्त तीन मिनिटं मिळतात. त्या वेळात ऑपरेटरची नजर मैदानावर असते, हातातल्या पॅडकडे नाही. बटण अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे. म्हणून जो मैदानात उतरणार त्याच्या हाती पॅड द्या, त्याला डोळे मिटायला सांगा, 'लिफ्ट वर', 'ग्रिपर मिट' म्हणा आणि बोट आपसूक कुठे जातं ते बघा. तीच जागा त्या आज्ञेची.

एका भागाची बटणं एका हाताखाली ठेवा. उजव्या हाताची चार बटणं हात आणि ग्रिपरसाठी, डाव्या हाताची काडी चालण्यासाठी, अशी वाटणी केली तर चालताना उचलताही येतं. विरुद्ध कामं समोरासमोर : वरचं बटण वर, खालचं खाली. जोराने फेकणं, हवा सोडणं अशा धोक्याच्या कामाला एकटं बटण देऊ नका. खांद्यावरचं एक बटण धरलेलं असतानाच दुसरं लागू होईल असं लिहा. अशा जोडबटणांत एक बारकावा असतो. ऑपरेटर आधी खांद्यावरचं बटण सोडेल की दुसरं, हे कुणी सांगू शकत नाही. खांद्यावरचं आधी सुटलं तर अजून दाबलेलं दुसरं बटण त्याची साधी आज्ञा चालवू लागतं का, हे मुद्दाम तपासा. घटनेवर लिहिलेल्या आज्ञेला हा त्रास होत नाही, स्थितीवर लिहिलेलीला होतो. एकाच बटणाचा लांब दाब आणि आखूड दाब यांना वेगळी कामं देणं स्पर्धेत टाळाच. लांब की आखूड हे बोट उचलल्यावर किंवा ठरलेली वेळ उलटल्यावरच कळतं, तोवर रोबो ताटकळतो.

गेमपॅड बदलला की क्रमांकही बदलतात, हे गृहीत धरा. लॉजिटेकच्या एफ-३१० आणि एफ-७१० या पॅडवर एक्स आणि डी असा सरकता स्विच असतो. तो सरकला की संगणकाला तो वेगळाच पॅड वाटतो आणि सगळी बटणं इकडची तिकडे होतात. स्विच हव्या त्या जागी ठेवून त्यावर टेप चिकटवा. कोडमध्ये 'बटण ५' असं कुठेही लिहू नका. सुरुवातीला एकदाच 'ग्रिपर मिट म्हणजे ५' असं नाव द्या आणि पुढे नावच वापरा. त्या नावांची यादी छापून पॅडच्या पिशवीत ठेवा.

काड्यांबद्दल थोडक्यात. पीएस-टूच्या काडीचं वाचन शून्य ते २५५, मध्य १२८ च्या आसपास. काडी सोडल्यावरही ती नेमकी १२८ वर येत नाही, म्हणून मध्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंकांचा पट्टा शून्य मानायचा. नाहीतर रोबो हळूहळू सरकत राहतो. काडी वर ढकलली की आकडा कमी होतो, याची उलटापालट आधीच करून घ्या. आणि पुढून एकदम मागे हुकूम देऊ नका, मध्ये क्षणभर शून्य येऊ द्या. गिअर आणि मोटर ड्रायव्हर दोन्ही वाचतात.

हवेवर चालणारे भाग असतील तर व्हॉल्व्ह कुठला घेतला यावर बटणाचं वागणं ठरतं. रोबोकॉनमध्ये हवेचा दाब सहा बारपर्यंत नेता येतो, आणि तो बोट चिरडायला पुरेसा आहे. एका कॉइलचा, स्प्रिंगने परत येणारा व्हॉल्व्ह वीज गेली की मूळ जागी येतो. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह होता तिथेच राहतो. वीज गेली तर ग्रिपरने वस्तू धरून ठेवावी की सोडावी, हे आधी ठरवा आणि मग व्हॉल्व्ह विकत घ्या. डोक्यावर उचललेली वस्तू असेल तर धरून ठेवणं बरं; माणसाचा हात जाऊ शकेल अशी पकड असेल तर सोडणं.

आता चौथा प्रश्न, बटणाचा निरोपच पोहोचला नाही तर काय, आणि याच्यावर कितीही वेळ घालवला तरी तो वाया जाणार नाही. एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल लावून मोबाईलवरून चालणाऱ्या गाड्या अनेक शाळांत बनतात. मोबाईलचं अ‍ॅप बऱ्याचदा बोट टेकताना 'एफ' (पुढे) हे अक्षर पाठवतं, उचलताना 'एस' (थांब). गाडी 'एफ' आल्यावर सुटते आणि 'एस'ची वाट पाहत धावते. मध्येच मोबाईलची बॅटरी संपली, फोन आला, गाडी लांब गेली, तर 'एस' कधीच येत नाही. गाडी थांबायला भिंत लागते, किंवा कुणाचा तरी पाय. उपाय असा की हुकूम एकदाच पाठवायचा नाही. बोट टेकलेलं असेपर्यंत तो सेकंदाला दहा-वीस वेळा पाठवत राहायचा. रोबोने शेवटचा निरोप कधी आला ती वेळ टिपायची, आणि ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर स्वतःहून सगळ्या मोटरी शून्यावर आणायच्या. सेकंदाला एक मीटर वेगाचा रोबो तेवढ्या वेळात तीस सेंटिमीटर जातो. वेग जास्त असेल तर मुदत कमी करा. स्वस्त गेमपॅडचे रिसीव्हर संपर्क तुटल्यावर एकसारखे वागत नाहीत. काही शेवटचंच वाचन देत राहतात. त्यामुळे पॅकेटवर लिहिलेल्या माहितीवर विसंबू नका, स्वतः पॅड बंद करून पाहा. तुमचा रिसीव्हर जुनं वाचन देत राहणारा निघाला तर तो रोबोवर वापरू नका, कारण कोडला तो फरक कळणारच नाही.

याच्या जोडीला पेंडंटच्या मागचं बटण आपल्या पॅडवर आणा. डाव्या तर्जनीखालचं बटण धरलेलं असेल तरच मोटरींना कुठलाही हुकूम जाईल, सुटलं की सगळं शून्य, असं लूपच्या तळाशी एका ओळीत लिहिता येतं. आरओएसमध्ये जॉयस्टिकने रोबो चालवण्याचं जे तयार पॅकेज आहे, त्यात अशा परवानगीच्या बटणाची सोय आधीपासून आहे. सुरुवातीला मुलांना ते अडचणीचं वाटतं. आठवडाभरात बोटाला सवय होते. गेमपॅडच्या बटणाला तिसरा टप्पा नसतो, आवळलेल्या मुठीला तो ओळखत नाही. म्हणून रोबोवरचं लाल मशरूम बटण हवंच. ते कोडने वाचायचं बटण नव्हे. त्याने मोटरींची वीज थेट तोडली पाहिजे, कारण कोड अडकलेला असताना कोडकडून थांबण्याची अपेक्षा करता येत नाही.

रोबो सुरू होतानाचे पहिले दोन सेकंदही असेच जपायचे असतात. मोठ्या मोटरी एकदम सुटल्या की बॅटरीचा विद्युतदाब पडतो, अर्डुइनो रीसेट होतो आणि सामन्याच्या मध्यात पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. अशा वेळी सगळी बटणं एकदा सुटलेली दिसेपर्यंत आणि 'स्टार्ट' दाबला जाईपर्यंत काहीही हलू देऊ नका. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रिले बोर्डांवर पिन 'लो' झाली की रिले लागतो. तिथे पिनला आउटपुट करण्याच्या आधी तिच्यावर 'हाय' लिहा, नाहीतर वीज देताक्षणी रिले खटकन लागतो. मोटर ड्रायव्हरच्या परवानगीच्या ('एनेबल') पिनला ग्राउंडशी दहा किलोओहमचा रेझिस्टर जोडला तर रीसेटच्या काळातही मोटर गप्प राहते. रुपया-दोन रुपयांचं काम आहे.

चाचणीचा क्रम मोडू नका. आधी मोटरींची वीज काढून ठेवा आणि सीरियल मॉनिटरवर फक्त आज्ञांची नावं छापून बघा : एका दाबाला एक ओळ येते का, सोडल्यावर 'थांब' येतं का, दोन बटणं एकदम दाबली तर काय येतं. हे जमलं की रोबो विटांवर ठेवा, चाकं अधांतरी, आणि वीज द्या. आता सगळी चाकं फिरत असताना पॅडचा स्विच बंद करा. मग पॅडच्या बॅटऱ्या काढा. मग रिसीव्हरची वायर ओढा. मग लाल बटण मारा. मग वीज तोडून, एक बटण दाबून धरून, वीज परत द्या. कोड लिहिणाऱ्याने नव्हे, ज्याने कोड पाहिलेला नाही अशा मुलाने किंवा मुलीने हे करावं. त्यांना जी बटणं दाबावीशी वाटतील ती तुम्हाला सुचणार नाहीत. कोडमध्ये एक ओळ बदलली तरी ही सगळी चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

मार्गदर्शक शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शनात रोबो किती वेगाने धावला याला गुण देता, तसे पॅड बंद केल्यावर तो किती लवकर थांबला यालाही द्या. आणि मुलांनो, पॅड बंद करण्याची चाचणी पार पडल्याशिवाय रोबोची चाकं जमिनीला टेकवू नका.